ओळखीचाच आहे, म्हणून पासवर्ड द्यायचा?

बेळगावच्या अनगोळहून एका ताईंनी लिहिलंय:

"उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. मिस्टर आणि दीर तिकडं बघतात, हिशोब मी घरी कॉम्प्युटरवर करते. टॅलीत काही अडलं की टॅलीवाला त्याच्या ऑफिसातूनच एनीडेस्क लावून बघतो. जीएसटी भरायच्या वेळी ऑडिटरांकडचा मुलगा तसाच येतो. प्रिंटर बिघडला की पुण्याचा पुतण्या. तिघांनाही एकच पासवर्ड दिलाय, आमच्या देवाचं नाव आणि पुढं १२३. विंडोजला पण तोच, एनीडेस्कला पण तोच. परवा रात्री साडेनऊला भाकरी करून बाहेर आले तर माऊस आपोआप फिरत होता आणि टॅलीची पानं उघडत होती. मी घाबरून बटणच बंद केलं. कोण होतं ते कुणाला विचारलं नाही. मिस्टर म्हणतात, सगळे ओळखीचेच आहेत की, काय होतंय? पासवर्ड बदलला तर पुतण्याला वाईट वाटेल, टॅलीवाला परत बोलावल्यावर यायचा नाही. काय करू? आणि बदलायचा झाला तर नेमकं काय काय बदलू?"

ताई, बटण बंद केलंत ते अगदी बरोबर केलंत. घाबरलात त्यातही काही चुकलं नाही. आपल्याला न विचारता आपल्या घरात कुणी वावरतंय हे दिसल्यावर छातीत धस्स होणारच. कोण होतं ते विचारायचं तेवढं राहून गेलं. पण ते अजूनही कळू शकतं, म्हणून पासवर्डला हात लावण्याआधी तेच करू.

एनीडेस्क म्हणजे लांबच्या माणसाला आपला कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्राम. बाहेरून आलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद तो ठेवतो. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रामडेटा नावाचा फोल्डर असतो. तो एरवी दिसत नाही, फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगावं लागतं. त्यात एनीडेस्कचा फोल्डर, आणि त्याच्यात कनेक्शन ट्रेस नावाची साध्या मजकुराची फाइल. ती उघडलीत की ओळीओळीनं तारीख आणि आलेल्याचा एनीडेस्क नंबर सापडेल. तो कसा आत आला तेही तिथंच लिहिलेलं असतं. युजर असं असेल तर कॉम्प्युटरसमोरच्या माणसानं परवानगी दिली होती. पासवर्डचा शब्द असेल तर पासवर्ड घालून आला. टोकन असेल तर त्याच्या कॉम्प्युटरनं तुमचा पासवर्ड कधीचाच लक्षात ठेवलाय, आता तो घालावाही लागत नाही. या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मग तिघांना फोन करून आपापला एनीडेस्क नंबर विचारा आणि त्या तारखेच्या ओळीशी ताडून बघा.

बहुतेक टॅलीवालाच निघेल. दिवसभर दुसऱ्यांची कामं करून रात्री तुमचं राहिलेलं उरकत बसला असेल. तसं असेल तर त्याला एवढंच सांगा की येण्याआधी फोन कर. पण तिघांपैकी कुणाचाच नसलेला चौथा नंबर सापडला, तर कॉम्प्युटरचं इंटरनेट काढून ठेवा, बँकेला कळवा, आणि बँकेचे नि मेलचे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून बदला. त्याच कॉम्प्युटरवर बसून बदललेत तर बघणाऱ्याला नवेही दिसतील.

आता मिस्टरांच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी गाठ तिथंच आहे. ओळखीचे असले तर काय होतंय? शहापुरातल्या एका डीटीपीच्या दुकानात काय झालं ते सांगते. लग्नपत्रिकांचं काम, टाइप करायला मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी ही सॉफ्टवेअरं. ऐन वैशाखात पत्रिकांचा अख्खा फोल्डर गायब झाला. मालक, दोन ऑपरेटर आणि बाहेरून कॉम्प्युटर बघणारा दुरुस्तीवाला, चौघांना एकच पासवर्ड. संशय गेला तो सगळ्यांत जुन्या मुलावर, कारण त्याच आठवड्यात त्यानं पगारवाढ मागितली होती. त्यानं काम सोडलं. फोल्डर कुणी पुसला, की कुणाच्या हातून चुकून गेला, ते आजतागायत कळलेलं नाही. त्या मुलाला सोडवायला नोंदीतली एक ओळ पुरली असती. पण चौघंही कॉम्प्युटरच्या लेखी एकच माणूस होते, तर ती ओळ येणार कुठून?

म्हणून म्हणते, प्रत्येकाला वेगळी चावी द्यायची ती ओळखीच्या माणसाला सांभाळण्यासाठी. पुतण्याला वाईट वाटेल असं तुम्ही लिहिलंय. उद्या दहा हजारांची एंट्री इकडची तिकडं झाली तर ज्यांच्याकडे पासवर्ड होता त्यांच्यात त्याचंही नाव येणार, आणि त्यातून त्याला बाहेर काढायला तुमच्या हातात काही नसणार. तेव्हा जे वाईट वाटेल ते फार मोठं असेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशाच वेळी पटतं. गावी जाताना शेजारच्या काकूंकडे चावी देतो आणि आल्यावर परत घेतो. काकू कधी रागावतात का?

दुसरी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एनीडेस्कवरून आलेला माणूस फक्त टॅलीत येत नाही, तो तुमच्या खुर्चीत येऊन बसतो. तुम्हाला जे उघडता येतं ते सगळं त्याला उघडता येतं. व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू असेल तर घरातल्या गप्पा त्याच्यासमोर आहेत. डेस्कटॉपवर आधार-पॅनचे स्कॅन आहेत, मेल उघडाच आहे. क्रोमनं नेटबँकिंगचा पासवर्ड लक्षात ठेवलाय; तो उघडून दाखवायच्या आधी क्रोम विंडोजचा पासवर्ड विचारतं खरं, पण तुमच्याकडे तोच पासवर्ड तिघांना ठाऊक आहे. त्यामुळं बँकेचे पासवर्ड क्रोममधून आजच काढून टाका. आणि कॉपी-पेस्टची एक फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: जोडणी चालू असताना क्लिपबोर्डची परवानगी दिलेली असेल, तर तुम्ही इकडं कॉपी केलेलं त्याच्या कॉम्प्युटरवरही जातं. म्हणजे समोरचा आत असताना तुम्ही एखाद्या फाइलमधून पासवर्ड कॉपी केलात, तर त्याला तिकडं नुसतं पेस्ट करायचं राहतं. त्यानं काही वाईट मनात आणलेलं नसलं, तरी तो पासवर्ड तिकडं पोचलेला असतो.

आता बदलायचं काय काय.

एनीडेस्कच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी किंवा अ‍ॅक्सेस असा भाग आहे. तिथं अनअटेंडेड अ‍ॅक्सेस दिसेल, म्हणजे घरात कुणी नसताना पासवर्ड घालून आत यायची मुभा. ती काढून टाका. ही तिघं येतात तेव्हा तुम्ही घरातच असता, मग तिची तुम्हाला गरजच काय? त्याच जागी टोकन पुसून टाकायचं बटण आहे, तेही दाबा. नाहीतर पासवर्ड बंद केला असं समजून आपण निवांत, आणि जुन्या टोकननं कुणी परत आत. तिथंच जोडणीची विनंती कधी घ्यायची हेही ठरवता येतं. ‘एनीडेस्कची खिडकी उघडी असेल तेव्हाच’ हा पर्याय निवडा. मग काम झाल्यावर खिडकी बंद केलीत की दार बंद. रात्री भाकरी करताना माऊस हलायचा नाही.

यापुढं कुणी येऊ लागला की तुमच्यासमोर एक चौकोन येईल, मान्य करायचं की नाकारायचं. घाईनं ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवू नका. त्याच चौकोनात लहान लहान चिन्हं असतात, एकेक चिन्ह म्हणजे एकेक परवानगी. टॅलीवाल्याला माऊस आणि कीबोर्ड लागतोच, तो द्या. फाइली नेण्याआणण्याची परवानगी बंद. क्लिपबोर्ड बंद. आवाज बंद. त्याला एखादी फाइल खरंच लागली तर तो सांगेल, तेव्हा तेवढ्यापुरती चालू करा आणि परत बंद. दोन परवानग्या मात्र कुणालाही द्यायच्या नाहीत: तुमचा कीबोर्ड-माऊस अडवून ठेवायची आणि तुमचा पडदा काळा करायची. या दोन्ही एनीडेस्कमध्ये आहेत, मोठ्या कंपन्यांत त्यांचा उपयोगही आहे. पण तुमच्या घरात तुमच्याच पडद्यावर काय चाललंय ते तुम्हाला दिसू नये असं एकही काम मला सुचत नाही.

तो काम करत असताना समोर बसा. निदान भाजी निवडत बसा, पण पडद्याकडे लक्ष असू द्या. टॅलीवाल्यानं टॅलीतच राहावं. तो मेल उघडायला लागला तर सरळ विचारा, "हे कशाला वो?" यात उद्धटपणा काही नाही.

ऑडिटरांकडच्या मुलाचं तर मला वाटतं बाहेरून येणंच थांबवता येईल. जीएसटीची दर महिन्याची अकरा आणि वीस तारीख तुम्हाला पाठ असेलच. त्याच्या दोन दिवस आधी टॅलीचा बॅकअप किंवा एक्सेलची फाइल त्यांच्या मेलवर पाठवून द्या. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, तो विचारल्यावर आधी कशाचा आहे ते वाचा आणि मगच सांगा. त्याला तुमच्या कॉम्प्युटरवर बसायची गरज फार थोड्या वेळा पडेल.

पुतण्यासाठी वेगळी वाट. विंडोज १० आणि ११ मध्ये क्विक असिस्ट नावाची सोय असते. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि क्यू एकदम दाबलं की उघडते. तो पुण्याहून त्याच्या खात्यानं शिरून एक कोड काढतो आणि तुम्हाला फोनवर सांगतो. तुम्ही तो घालायचा. आधी त्याला नुसतं दिसतं; माऊस हातात हवा असेल तर पुन्हा मागावा लागतो, आणि तुम्ही होय म्हटल्यावरच मिळतो. कायमचा पासवर्ड असा प्रकारच त्यात नाही. प्रिंटरसाठी एवढं पुष्कळ झालं. फक्त कोड सांगणारा माणूस तुम्हीच फोन लावलेला असला पाहिजे. पलीकडून आपणहून फोन करून कुणी कोड सांगायला लागला तर फोन ठेवून द्या, मग तो पोरगा असो की मायक्रोसॉफ्टचा साहेब म्हणवणारा.

आणि एनीडेस्क जुनं असेल तर नवं करून घ्या, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच. आपल्या यंत्रणेत बाहेरचे घुसल्याचं या कंपनीनं स्वतः फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं होतं आणि लोकांना नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं होतं.

आता पासवर्डचं. देवाचं नाव आणि १२३ हे आपल्या भागात किती घरांत असेल! ते चोराला आधी सुचतं. आकड्यांचाच म्हणाल तर चार आकड्यांच्या जुळण्या होतात दहा हजार, सहा आकड्यांच्या दहा लाख. माणसाला त्या खूप वाटतात, कॉम्प्युटरला मात्र काहीच वाटत नाही. लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, पाटा, रिक्षा, शेवगा, खिडकी असे, आणि ते रोमन अक्षरांत सलग लिहा. हेच चार नका घेऊ, ते आता छापले गेले. मुलांची नावं, गाडीचा नंबर, शॉपचं नाव काहीच नको. विंडोजला एक, मेलला दुसरा, बँकेला तिसरा. दर महिन्याला बदलत बसायची गरज नाही. पण ज्याला ठाऊक होता त्याचं काम सुटलं, किंवा कुणीतरी बघितला असं वाटलं, की त्याच दिवशी बदला.

इथं आपल्याकडची एक अडचण. बेळगावातल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी, मराठी, कन्नड अशा तीन-तीन भाषा बसवलेल्या असतात. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळं कीबोर्ड कन्नडवर राहिला असेल तर बरोबर पासवर्डही चुकतोय असं वाटतं. मग वैतागून लोक परत १२३ वर येतात. कोपऱ्यात भाषेची खूण असते. पासवर्ड घालण्याआधी ती इंग्रजीवर आहे ना एवढं बघा.

पाठ होत नसेल तर कागदावर लिहा आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवा. कागदाला नावं ठेवणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. घरातल्या कपाटातला कागद पुण्याहून किंवा परदेशातून कुणाला वाचता येत नाही. मॉनिटरला मात्र चिकटवू नका.

विंडोजमध्ये दोन खाती करा. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, त्याचा पासवर्ड फक्त तुम्हाला आणि मिस्टरांना. दुसरं रोजच्या कामाचं, साधं स्टँडर्ड. मग बाहेरून आलेल्याला नवं काही बसवायचं झालं की पासवर्ड मागणारी खिडकी येते आणि त्याला तुमच्याकडेच यावं लागतं. टॅलीतही प्रत्येकाचा वेगळा वापरकर्ता करता येतो. कुणी फक्त बघावं, कुणी एंट्री करावी, मागच्या तारखेची एंट्री किती दिवसांपर्यंत चालेल, हे सगळं तिथं ठरवता येतं. टॅलीवाल्याकडूनच हे करून घ्या, तुम्ही समोर बसून. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला सगळा डेटाच कुलूपबंद करणारा पासवर्ड लावायचा झाला तर मात्र दहादा विचार करा. तो विसरलात तर डेटा कायमचा गेला, टॅलीची कंपनीही काढून देऊ शकत नाही. लावलात तर त्याचा कागद दोन ठिकाणी ठेवा.

पत्रात नाही, पण दीर उद्यमबागेतून घरचा कॉम्प्युटर बघायचा म्हणतील कधीतरी. तेव्हा कुणी ‘राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, विंडोजचं रिमोट डेस्कटॉप लावू’ म्हटलं तर करू देऊ नका. त्याचा ३३८९ क्रमांकाचा दरवाजा कुठं कुठं उघडा आहे ते शोधत जगभर यंत्रं रात्रंदिवस फिरत असतात. करायचंच असेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी, बंदिस्त वाट, मग रिमोट डेस्कटॉप. आणि घरगुती होम आवृत्तीच्या विंडोजमध्ये तसं बाहेरून येताच येत नाही.

शॉपवर कॅमेरे असतील तर त्यांच्या डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्याचा पासवर्डही बघून घ्या. बसवणाऱ्यानं कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला असतो पुष्कळदा. मिराई नावाच्या व्हायरसनं २०१६ मध्ये असे तयार पासवर्ड वापरूनच जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते.

अनोळखी फोनबद्दलही लिहायला हवं, कारण एनीडेस्क घरात आहे म्हटल्यावर तुम्हाला त्याचं भय उरत नाही, आणि ठगांना तेच हवं असतं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ‘लाईट बिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन कट होणार, हे अ‍ॅप घ्या’ असा फोन येतो. कधी हिंदीत, कधी कन्नडमध्ये. आपल्यातल्या कितीतरी बायका कन्नड नीट समजत नाही म्हणून लाजेनं हो हो म्हणत जातात आणि तो सांगेल ते दाबतात. समजलं नाही तर फोन ठेवायचा. हेस्कॉमच्या बिलासाठी कुणाला तुमचा पडदा बघायची गरज नसते. आणि अनर्थ झालाच, पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. हा नंबर देशभर एकच आहे, त्यामुळं तुम्ही कर्नाटकात आणि बँक खातं कोल्हापूर-चंदगडकडचं असलं तरी चालतं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात, तिथं एक-एक तास मोलाचा. नंतर बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार लिहून द्या, कनेक्शन ट्रेसच्या फाइलची प्रत बरोबर घेऊन.

राहिला टॅलीवाला परत यायचा नाही हा धाक. असं बघा, शहाणा टॅलीवाला यावर खूश होईल. दहा गिऱ्हाइकांचे पासवर्ड सांभाळणं हा त्याच्याही डोक्याला ताप आहे. कुणाच्या तरी हिशोबात गडबड झाली की पहिलं नाव त्याचंच निघतं. त्याला सांगा, "दादा, पासवर्ड काढून टाकलाय. येताना फोन करा, मी दाबते." एवढ्यावर जो रुसला, त्याच्या हातात तुमची वही होती हीच काळजीची गोष्ट. दुसरा मिळेल, बेळगावात टॅलीवाल्यांची वाण नाही.

पुतण्याला तुम्ही नका सांगू, मिस्टरांनाच फोन करायला लावा. डीटीपीच्या त्या मुलाची गोष्ट आधी मिस्टरांना वाचून दाखवा. मग तेच पुतण्याला म्हणतील, "बाळा, सगळ्यांचेच बदललेत, तुझा एकट्याचा नाही. आता क्विक असिस्ट कसं लावायचं ते तुझ्या काकूला एकदा शिकव." पोरगं पुण्यात कॉम्प्युटरवरच काम करत असेल तर त्याच्या ऑफिसात हे रोजचंच आहे, तोच उलट विचारेल की इतके दिवस का नाही बदलला. शिकवणीचा तो फोन रविवारी दुपारी ठेवा, तेव्हा दोघांनाही वेळ असतो. आणि त्याआधी, म्हणजे आजच रात्री, झोपताना कॉम्प्युटर पूर्ण बंद करायला विसरू नका.